चार दिवस आणि एक पावसाळा

(दृश्य: आषाढातील सकाळ. शिरोळ तालुक्यातील उसाचा फड. बांधावर पांढऱ्या फुलांचे गवत.)

या गवताची ओळख कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आले आणि पुढे रस्त्यांच्या कडा, गायराने, उसाचे बांध व्यापत देशभर पसरले. त्याच्या पानांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. भांगलण करताना ते हाताला लागते. गवत वाळून त्याचा चुरा वाऱ्यावर उडाला की धुळीबरोबर तोंडावर येऊन बसते. सगळ्यांनाच त्याचा त्रास होत नाही. मात्र वारंवार संपर्क आल्यावर ज्यांच्या शरीराने या द्रव्याशी वैर धरले, त्यांच्या पापण्या सुजतात, मानेची कातडी जाड होते, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत इसब उठते आणि काहींना पुढे साधे ऊनही सोसेनासे होते.

असा शेतकरी त्वचारोग विभागात येतो, तेव्हा त्याचा आजार याच गवताचा आहे हे ठरते कसे, आणि अमुक औषधाने तो बरा झाला असे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांना कधी मिळतो, एवढेच या लघुपटात पाहायचे आहे.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. गवताचे इसब हे त्याहून वेगळे प्रकरण आहे. गांधी त्वचेतील हिस्टामिनमुळे काही मिनिटांत उठतात आणि एकेक गांध बहुधा दिवसभरात विरून जाते. तत्काळ उमटणाऱ्या अ‍ॅलर्जीची टोचून केलेली चाचणीही पंधरा-वीस मिनिटांत वाचता येते. गवताच्या इसबामागे मात्र रक्तातील टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतील पांढऱ्या पेशी, असतात आणि त्या सवडीने जाग्या होतात.

(दृश्य: रुग्णाची उघडी पाठ. चिकटपट्टीवर ओळीने लावलेल्या छोट्या वाट्या.)

या सवडीने चालणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी पॅच टेस्ट वापरतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये ती मांडली, आणि तिचे मूळ रूप आजही फारसे बदललेले नाही. पार्थेनियम, निकेल, चामडे कमावताना वापरले जाणारे क्रोमियमचे क्षार, सुगंधी द्रव्ये असे पदार्थ ठरावीक प्रमाणात पाठीवर लावले जातात. पट्ट्या ४८ तासांनी काढून पहिली नोंद घेतात आणि ९६ तासांनी दुसरी. म्हणूनच सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी सोयीची आखणी असते. या चार दिवसांत पाठ भिजवायची नाही, घामाघूम होईल असे काम करायचे नाही, आणि पाठीवर आधीपासून स्टेरॉइडचे मलम चोळलेले नसावे, कारण त्यामुळे खरी अ‍ॅलर्जीही दबून राहते.

कागदावर हे सोपे वाटते. चंदगड किंवा गगनबावड्याहून एसटीने येणाऱ्या मजुराला मात्र एका आठवड्यात तीन खेपा आणि तीन रोज बुडवून येणे परवडायला हवे. शुक्रवारची खेप चुकली तर उशिरा उमटणारा डाग कोणी पाहतच नाही आणि नोंदवहीत ‘अ‍ॅलर्जी नाही’ असे खोटेच लिहिले जाते. संशोधनाच्या निबंधात प्रवासभत्त्याची ओळ क्षुल्लक दिसत असली, तरी माझ्या मते निष्कर्षाचा खरेपणा पुष्कळदा तिच्यावरच तोललेला असतो.

क्रोमियमचा डाग उमटला तर चप्पल पाहावी लागते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची जुन्या पद्धतीची कोल्हापुरी अशा रुग्णाला बहुधा चालते. दुकानातली जोडी तशीच कमावलेली आहे का, हे मात्र विचारूनच घ्यावे.

(दृश्य: त्याच बांधावर हिवाळा. गवत वाळलेले.)

औषधाची परीक्षा याहून अवघड असते. गवताचे इसब उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भडकते, तर थंडीत, निदान सुरुवातीच्या वर्षांत, आपोआप उतरते. म्हणजे ऑगस्टमध्ये कोणतीही गोळी सुरू केली आणि जानेवारीत रुग्णाला पाहिले, तर ती गोळी गुणकारी ठरण्याची शक्यता मोठी. ऋतूने केलेल्या कामाचे श्रेय औषधाला मिळते. हा घोटाळा टाळण्यासाठी त्याच काळात, त्याच ऋतूत, दुसरे औषध घेणारा गट शेजारी ठेवावा लागतो, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवावे लागते. दिल्लीच्या एम्समधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात ५५ रुग्णांना सहा महिने अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध किंवा बीटामेथॅसोन हे स्टेरॉइड दिले गेले. दोन्ही औषधांचा गुण जवळजवळ सारखाच आला. दुष्परिणाम आणि आजार उलटण्याचे प्रकार मात्र बीटामेथॅसोनच्या गटात अधिक दिसले. हा फरक औषध चालू असताना चट्टे मोजून पुरता कळला नसता.

भारतात अशा चाचण्यांची नोंद २००९ पासून सरकारी नोंदवहीत आधीच करावी लागते, नैतिक समितीची मान्यता लागते आणि रुग्णाची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. त्रासाचे मोजमाप करण्यासाठी पुष्कळदा ब्रिटनमधील कार्डिफमध्ये १९९४ साली तयार झालेली दहा प्रश्नांची यादी वापरतात. त्वचेमुळे मागच्या आठवड्यात खरेदीला जाणे, घर किंवा बाग सांभाळणे कितपत अडले, असा त्यात एक प्रश्न आहे, खेळण्याबद्दल दुसरा. भांगलणीला जाणारी मावशी खेळाच्या प्रश्नावर हसते, आणि ‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण मिळतात. म्हणून तो कागद बाजूला ठेवून तिला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मावशी, यंदा पावसाळ्यात किती दिवस रानात गेला नाहीत?

(दृश्य: शुक्रवार. पाठीवर एकाच चौकटीत लाल, फोड आलेला डाग. नर्स पेनाने त्याभोवती खूण करते.)