डाव त्याचा आहे

(दृश्य: संध्याकाळ. नागपुरातल्या एका लेआउटमधलं मैदान.)

उन्हं कलली की मैदानात पोट्टे जमतात. टीम पडतात, राज्य कोणावर यावरून भांडणं होतात. कडेला भिंतीलगत एक व्हीलचेअर उभी असते. तिच्यातल्या मुलाला कोणी हाकलत नाही. उलट प्रेमानं खेळायला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याच्या चुकीनं कोणी हरत नाही. आणि आपण खेळात नाही, हे त्या आठ-दहा वर्षांच्या जिवाला पक्कं कळत असतं.

(दृश्य: शाळेचा हॉल. फरशीवर पांढऱ्या पट्ट्या.)

हा खेळ आहे बोचिया. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं; अशा खेळाडूंमध्ये तो रुजला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, आहे. साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद कोर्ट. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा, जमलं तर समोरच्याचा उडवायचा, अगदी गोट्यांच्या डावासारखं. चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा, मुठीत दाबला तर थोडा दबणारा.

ज्यांना हातानं चेंडू टाकता येत नाही, त्यांच्यासाठी उतरती पन्हळ असते. ती सरकवायला मदतनीस लागतो. पुष्कळदा ती आईच असते. आता नीट बघा. आई कोर्टाकडे पाठ करून बसली आहे. तिनं मागे वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. बघितलं तर दंड. लेक मानेनं खुणावतो, डावीकडे. ती पन्हळ बोटभर सरकवते. तो मान हलवतो. नाही, एवढी नको. ती परत घेते. मग डोक्याला बांधलेल्या काठीनं तो चेंडू सोडतो.

या आईनं आजवर त्याला भरवलं, त्याची बटणं लावली, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरंही त्याच्या वतीनं दिली. इथं चेंडू कुठं गेला, हे तिला लेकाच्या चेहऱ्यावरून वाचावं लागतं. आमच्या मते या खेळाचं खरं मोल या नियमात आहे. फिजिओथेरपी हवीच. पण दुसऱ्यांनी सांगितलेले व्यायाम ही मुलं दिवसभर करतच असतात. खेळाचा तास कृपा करून त्यात मोजू नका.

(दृश्य: जलतरण तलाव, सकाळ.)

पूर्ण अंध जलतरणपटूला भिंत दिसत नाही. म्हणून काठावर एक जण लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की डोक्यावर किंवा पाठीवर हलकी टपली, आणि तो वळतो. ही टपली नेमक्या क्षणी बसावी लागते. उशीर झाला तर हात भिंतीवर आदळतो. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मिडलेचं, म्हणजे एकाच शर्यतीत चारही शैलींत पोहण्याचं, सुवर्ण जिंकलं, तेही पूर्ण अंधांच्या गटात.

नागपूरचं ऊन मात्र कोणाला सवलत देत नाही. मणक्याला इजा झालेल्या अनेक मुलांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. शरीर थंडच होत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, व्हीलचेअरची लोखंडी कडी हाताला चटके देते. मैदानी सराव भल्या पहाटे, नाहीतर नाहीच.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं ३० वं कलम खेळांबद्दलच आहे. नागपूरच्या पारडी भागात दिव्यांगांसाठी अनुभूती उद्यान उभारण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली, ९० हजार चौरस फुटांचं. असं उद्यान हवंच. पण रोज संध्याकाळी मूल जाणार ते घराजवळच्या बागेत. तिथं गाड्या आत येऊ नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब रोवले, तर व्हीलचेअरही बाहेरच राहते.

डिसेंबरात शाळाशाळांत क्रीडासप्ताह भरतो. या वर्षी मुख्याध्यापकांना भेटा आणि स्पर्धांच्या यादीत बोचिया घालायला सांगा. सपाट फरशीचा हॉल, चिकटपट्टी आणि चेंडूंचा एक संच एवढ्यावर सुरुवात होते. पन्हळीसाठी प्लास्टिकचा पाइप उभा चिरला तरी सरावापुरतं भागतं. आणि सामन्यात तो व्हीलचेअरवरचा मुलगा हरला, तर गुणफलकावर तसंच लिहा.