माळावरची पहिली शर्यत

(पहाट. टेम्पोमधून सायकली उतरवल्या जात आहेत.)

सोलापूरच्या उत्तरेला, तुळजापूरच्या रस्त्यापासून थोडे आत वळले की शेते मागे पडतात आणि माळ सुरू होतो. ऑक्टोबर सरत आला आहे. या जिल्ह्यात पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये अधिक असतो, त्यामुळे सखल भागातील काळी माती वाळून सायकल चालवण्याजोगी होईपर्यंत हे दिवस उजाडतात, आणि म्हणूनच माउंटन बाइकच्या स्थानिक शर्यतींचा मोसम आता सुरू होतो आहे. ओल्या काळ्या मातीत सायकल घातली, तर ती माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी बसते की थोड्याच अंतरावर चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते.

निळे हेल्मेट घातलेले हे गृहस्थ शहराच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून पुन्हा चालू करणे हे त्यांचे काम आहे. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ही सायकल घेतली. त्यांची तयारी आठ दिवसांपूर्वी घराच्या ओट्यावर सुरू झाली.

(ओटा. रिमवरून टायर उतरवला जात आहे.)

या टायरमध्ये ट्यूब नसते. रिमला आतून हवाबंद पट्टी लावलेली असते आणि टायरमध्ये सीलंट, म्हणजे लॅटेक्सचे पातळ द्रावण, ओतलेले असते. काटा टोचला की बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर हे द्रावण छिद्राकडे जाते, तेथे गोठते आणि छिद्र बुजवते. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि द्रावण लवकर आटते. एप्रिलमध्ये भरलेल्या सीलंटचे आता काय झाले आहे ते येथे दिसते: टायरला आतून रबराची पापडी धरली आहे. ती नखाने आणि जुन्या टॉवेलच्या तुकड्याने सोलून काढण्यात त्यांची अर्धी दुपार गेली. (टॉवेल अर्थातच सोलापुरी, त्यांच्याच मागावरचा.) नंतर प्रत्येक चाकात सुमारे १०० मिलिलिटर नवे सीलंट भरले गेले. हवा भरताना टायरची कड रिममध्ये बसते तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो. तो ऐकून शेजारच्या आजी दाराशी आल्या आणि चाकाची तपासणी करूनच परत गेल्या.

एवढा खटाटोप सराट्यासाठी आहे. पावसात जमिनीला बिलगून वाढणारी ही वेल पिवळी फुलते, पावसानंतर तिची फळे वाळतात आणि प्रत्येक फळ फुटून त्याचे पाच काटेरी तुकडे होतात. तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा आकाशाकडेच असतो. शर्यतीचा मोसम आणि सराटा पिकण्याचा मोसम एकच आहे.

(माळ. तांबूस गवतावर कोवळे ऊन.)

ज्या जमिनीवर ही शर्यत होत आहे, तशा माळरानांची नोंद सरकारी कागदांत अनेकदा पडीक म्हणून होते. येथे कुसळी आणि पवन्या ही गवते वाढतात, धनगरांची मेंढरे चरतात, काळवीट दिसतात आणि त्यांच्या मागावर लांडगाही असतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले नान्नजचे अभयारण्य याच पट्ट्यात आहे; शर्यतीचा मार्ग त्याच्या हद्दीपासून दूर, गायरानातून आखलेला आहे. मार्ग आखला असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो मेंढरांनी पाडलेल्या पायवाटांवरूनच जातो, आणि त्या वाटा चढावर कधीही सरळ जात नाहीत. गवताच्या मुळांनी मुरूम धरून ठेवल्यामुळे चाकाला पकड मिळते. जेथे मुरमासाठी माळ खरवडून नेला आहे, त्या या उघड्या तुकड्यावर पाहा, प्रत्येक सायकल घसरते आहे.

कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत १९७६ साली हौशी लोकांनी जुन्या, जड सायकलींवरून डोंगरउतारावर शर्यती लावल्या, तेव्हा एका उतारातच मागच्या हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील, ब्रेक तापून तेथले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. तेथून २० वर्षांत हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. ही हकिगत आमच्या जॉबरांना सांगितली, तेव्हा त्यांना ऑलिंपिकपेक्षा ग्रीस कोणते वापरत असत, याची उत्सुकता अधिक होती.

(शिट्टी. धुळीचा लोट.)

सर्व स्पर्धक एकदम सुटतात, आणि पुढे वाट एकाच सायकलीपुरती अरुंद होत असल्यामुळे पहिल्या वळणाआधी पुढे जाण्याची घाई प्रत्येकाला असते. आमचे जॉबर या घाईत पडत नाहीत. त्यांनी चाकांत २२ ते २४ पीएसआय इतकीच हवा ठेवली आहे, त्यामुळे टायर दगडांवर दबतो, त्यांवरून उसळत नाही. शिवाय ओढ्याच्या चढणीआधीच ते हलका गिअर टाकतात, कारण चढावर जोर लावून गिअर बदलला की चेनवर ताण येतो. दुसऱ्या फेरीत त्यांनी येथे तिघांना मागे टाकले. तिसऱ्या फेरीत उताराच्या तळाशी एक तरुण पडला आणि त्याचे हासळीचे हाड मोडले. आमचा कॅमेरा त्या वेळी ओढ्यावर होता. चार फेऱ्यांनंतर जॉबर अकरावे आले.

(संध्याकाळ. तोच ओटा.)

मोज्यांतील कुसळे काढण्याचे काम घरातील मुलांकडे आहे. जॉबर टायर बोटांनी चाचपत आहेत. जेथे पांढरा ठिपका आहे, तेथे सीलंटने आपले काम केले आहे. मागच्या चाकातून त्यांनी नऊ काटे चिमट्याने ओढून काढले. दहावा मात्र हलवून पाहिला आणि तसाच राहू दिला, कारण तो हलवताच हवा सुटू लागली होती.