भुऱ्या आणि याकची कांडी

हा भुऱ्या, आमचा कुत्रा. वय चार, जात गावठी, राहणार पुणे, तिसरा मजला. आज त्याच्यासमोर एक नवीन वस्तू ठेवलीय, पिवळट, चौकोनी, दगडासारखी टणक, आणि आईने बघताक्षणीच सांगून टाकलं की ही कपडे धुवायची साबणाची वडी आहे आणि मला दुकानदाराने गंडवलंय.

ही छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडचं वाळवलेलं चीज. पाकिटावर याक लिहिलेलं असतं, पण तिकडच्या भाषेत याक म्हणजे खरं तर फक्त नर, तो कुठून दूध देणार, दूध बरेचदा चौरीचं असतं, म्हणजे याक आणि गाईचा संकर. लोणी काढून उरलेलं ताक उकळायचं, फाटलं की आपण चक्का बांधतो तसं फडक्यात बांधायचं, वर जड वजन, मग कांड्या कापून चुलीवर टांगून आठवडेच्या आठवडे वाळवायच्या. तिकडचे गुराखी डोंगर चढताना हा तुकडा गालात धरून तासन्‌तास चघळतात. म्हणजे मूळचा हा माणसांचाच खाऊ, कुत्र्यांच्या पाकिटात तो नंतर आला.

बघा आता. आधी हुंगलं. मग एकदा चाटलं. मग माझ्याकडे बघितलं, हे खायचं असतं का अशा नजरेने. आणि मग उचलून थेट बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीमागे, नाकाने माती ढकलून पुरायचा प्रयत्न, कुंडी पडता पडता वाचली.

दहा मिनिटांनी स्वतःच काढून आणली, मातीसकट. ती मी धुतली आणि तेवढ्यात थोडी कोमट पाण्यात भिजवूनही घेतली, कारण डॉक्टरांनी सांगितलंय की ज्या वस्तूत अंगठ्याचं नख रुतत नाही ती कुत्र्याला द्यायची नाही. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, पण वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ कडक वस्तूवर जोर लावला की कपच्यासारखी उडते. आणि वाळलेल्या छुर्पीत नख काय, सुरीसुद्धा रुतत नाही, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

आता मात्र बेत जमलाय. दोन पंजांत कांडी उभी धरलीय, मान तिरकी, एक डोळा मिटलेला, दाढेवर कट्ट कट्ट, फरशीवर लाळेचं थारोळं. टोक ओलं होऊन भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतंय. गेल्या वर्षी ते गाठ मारलेलं चामड्याचं हाड आणलेलं, ते त्याने अख्खं गिळलं आणि रात्रभर ओकला, मी आणि आई पोछा घेऊन जागे, म्हणून आज मी इथून हलत नाहीये. पंधरा मिनिटं, मग काढून घ्यायची. गुरगुरला, पण दिली.

चार दिवसांनी बोटाएवढा तुकडा उरला, म्हणजे गिळायच्या मापाचा. तो पाण्यात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये चाळीसेक सेकंद ठेवला आणि फुगून एकदम कुरडईसारखा झाला. नीट गार होऊ दिला, आत वाफ असते. इतका वेळ भुऱ्या ओट्याखाली शेपटी आपटत बसलेला. दोन घासांत संपला.

तेव्हापासून मायक्रोवेव्हची बीप वाजली की, आत आईचा चहा का असेना, हा किचनच्या दारात हजर.