भुतांच्या तारखा आणि आकाशाचं घड्याळ

पत्रिकेवर विषय मोठ्या दिमाखात छापला आहे: 'शके 1948, आकाश आणि भुतंखेतं'. वर्ष मोजायचं ते नुकत्याच झालेल्या पाडव्यापासून, म्हणजे 19 मार्च 2026 पासून 6 एप्रिल 2027 पर्यंत. संवत्सराचं नाव पराभव, तेव्हा वक्त्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. भुतांच्या तारखा नेमक्या अंधाराच्याच का, हे शेवटी सांगायचं मी संयोजकांना कबूल केलंय. तासभर हातात आहे, सांगून होईल.

आधी घड्याळाचं भांडण मिटवून टाकू. आपल्याकडे भुताच्या वेळा तीन: तिन्हीसांज, मध्यरात्र आणि भर दुपारचे बारा. आजी नातवाला बजावते, बाराला पिंपळाखालून जाऊ नकोस, मुंजा बसलेला असतो. आता मुंजाच्या मनगटावर घड्याळ आहे का? नाही. तो येणार तो सूर्य डोक्यावर आला की. आणि सूर्य काही बाराला डोक्यावर येत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं. मुंबई त्या रेषेच्या साधारण 9.6 अंश पश्चिमेला. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे मुंबईचा सूर्य सुमारे साडेअडतीस मिनिटं मागे. शिवाय सूर्य स्वतःही वर्षभर थोडा पुढे-मागे होत असतो. मेच्या मध्यात तो पावणेचार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करा. मुंबईची खरी दुपार 12 वाजून 35 मिनिटांनी. पुण्याची 12:31 ला. नागपूर बरंच पूर्वेला, तिथे मेअखेरीला 12:11 च्या सुमारास. म्हणजे मुंबईत बाराच्या ठोक्याला जो येतो तो मिर्झापूरचा मुंजा, आपला नव्हे. (हशा)

हसताय, पण मुंबईनं हे भांडण सरकारशी खरोखर केलेलं आहे. 1906 पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईनं स्वतःची 39 मिनिटं मागची वेळ पुढे कितीतरी वर्षं हट्टानं चालवली. त्या काळातला मुंबईचा मुंजा वक्तशीर म्हणायला हवा.

आता याला जोडून सावलीचं प्रकरण. भूत ओळखायचं कसं? पाय उलटे आणि अंगाला सावली नाही. यंदा मे महिन्यात एकेक दिवस अख्ख्या गावाला सावली नसणार आहे. सावंतवाडीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, कोल्हापूरला 6 मेच्या आसपास, पुण्यात 13-14 ला, मुंबईत 15-16 ला, नागपूरला 26 ला. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत गावाच्या अक्षांशाइतका वर आला की खऱ्या दुपारी तो बरोबर माथ्यावर येतो. दक्षिणेकडे परतताना पुन्हा एकदा: मुंबईत 27-28 जुलै, पुण्यात 29-30 जुलै. पण तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे सगळी भिस्त मेवर.

हा प्रयोग बहुतेकांचा फसतो, आणि दोष सूर्याला जातो. तारीख एका दिवसानं चुकली तर सूर्य जेमतेम पाव अंश ढळलेला असतो. मीटरभर उंच काठीची सावली तेवढ्यानं 4 मिलिमीटर पडेल. काठी मात्र एक अंश कलली तर 17 मिलिमीटर! म्हणजे खरी चूक कॅलेंडरात नसते, काठी रोवण्यात असते. काठी रोवूच नका. प्लास्टिकच्या पाइपाचा फूटभर तुकडा दोन्ही टोकांना काटकोनात कापून घ्या. गच्चीवर फरशी ठेवून पाणसळीनं दोन्ही दिशांना सपाट करा, खाली कागदाच्या घड्या सारा, आणि तुकडा तिच्यावर उभा ठेवा. आतली भिंत चहूबाजूंनी सारखी उजळली आणि बाहेर सावली उरली नाही की क्षण गाठला. पाइपातून वर बघायचं नाही. दरवर्षी कुणीतरी वाकतोच. गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो हेही विसरू नका. निम्मे प्रयोग त्या उतारानं बुडवलेत.

दुपारचं भूत झालं. आता रात्रीचं, आणि त्याबरोबर माझी तक्रार.

आकाशदर्शनाचे कार्यक्रम आपल्याकडे कसे ठरतात? शनिवार बघून. चंद्र कुठे आहे हे कुणी बघत नाही. अष्टमी-नवमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात, आणि त्याखाली शंभर माणसं आकाशगंगा शोधताहेत! चुकून एखादा शनिवार अमावस्येला आला की निम्मी मंडळी नावं मागे घेतात. गाडीवाला म्हणतो, अवसेला घाट उतरणार नाही. घरचे म्हणतात, पुढच्या आठवड्यात जा. पुढच्या आठवड्यात चंद्र असतो. अंधार बघायला जाणाऱ्यांनी अंधाराची रात्र टाळायची, याला काय म्हणावं? वेताळाची पालखी अमावस्येला मध्यरात्री निघते म्हणतात. निघू द्या की. वेताळाला तारखेची चांगली जाण आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आणि अमावस्या म्हणजे नेमकी कधी? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकायला लागणारा वेळ, साधारण 20 ते 27 तास. अमावस्या ही शेवटचे 12 अंश. सूर्य-चंद्र आकाशातल्या एका रेखांशावर आले की ती संपते. यंदाची दीप अमावस्या घ्या, 12 ऑगस्ट. ती संपते रात्री 11 वाजून 7 मिनिटांनी. पंचांग पाळणारं भूत अकरानंतर घरी गेलेलं असणार, कारण पुढे श्रावण शुद्ध प्रतिपदा! आणि त्याच रात्री पर्सिड उल्कावर्षाव ऐन भरात. उल्का बघायच्या त्या मध्यरात्रीनंतर, कारण तेव्हा पृथ्वीची पुढची बाजू आपल्याकडे असते आणि उल्का समोरून येतात. त्याच अमावस्येला खग्रास सूर्यग्रहणही आहे. ग्रीनलंड, आइसलंड, स्पेन. आपल्याकडे तेव्हा रात्र. स्पेनमधल्या मराठी मंडळींना सूर्यास्ताच्या जरा आधी खग्रास आणि पाठोपाठ उल्का, असं दुहेरी ताट मिळणार. आपल्याला ऑगस्टचे ढग. पर्सिडच्या नावानं सह्याद्रीत तंबू ठोकणाऱ्यांना माझा दंडवत. लडाख परवडत असेल तर जा. इथे राहिलात तर ती गटारीची रात्र आहे, आणि त्या रात्री रस्त्यावर ज्यांना चकवा लागतो त्यांच्या चकव्याचं कारण बाटलीवर छापलेलं असतं.

पाडव्यावरून आठवलं, हे सांगायलाच हवं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेशात लोकांनी आकाशात जळते गोळे रांगेनं जाताना पाहिले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, कोपलेला देव, सगळे तर्क झाले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. भूत असं पुरावा टाकून जात नाही. चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तो टप्पा होता, वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आलेला.

गंमत म्हणजे हे कडं सापडायच्या आधीच ओळखता आलं असतं. जेमिनिड उल्का सेकंदाला 35 किलोमीटरनं येते, पर्सिड 59 नं. एक-दोन सेकंदांत खेळ खलास. कक्षेतून उतरणारा कचरा सेकंदाला 7-8 किलोमीटरनं, जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे मिनिटभरही दिसतो, तुकडे होतात आणि सगळे तुकडे एकाच वाटेनं जातात. मोबाइल काढून चित्रण करायला तुम्हाला वेळ मिळाला, यातच उत्तर आलं. एकाच रॉकेटनं सोडलेल्या उपग्रहांची माळ याहून वेगळी: पांढरे ठिपके, सारख्या चालीनं, शेपटी नाही, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक करून विझतात. सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास आणि पहाटेचे तेवढेच, हीच त्यांची वेळ. मध्यरात्री माळ दिसली तर मात्र मला फोन करा. आणि क्षितिजाजवळ हलता, रंग बदलणारा, मोटारीच्या मागे मागे येणारा तेजस्वी दिवा म्हणजे शुक्र. यंदा तो सप्टेंबरपर्यंत संध्याकाळी पश्चिमेला आहे; अशा बातम्या येणारच.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' बरं.

मग कबूल केलेलं झटपट सांगतो. भुतं अंधारातच का, याचं उत्तर डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी. शंकूपेशींना रंग कळतो, पण उजेड हवा. दंडपेशींना मंद प्रकाश पुरतो, पण रंग नाही. नजर जिथे रोखतो त्या मधल्या बिंदूत दंडपेशी नाहीतच. त्यामुळे अमावस्येच्या रात्री फिकट वस्तू डोळ्याच्या कडेला दिसते, आणि वळून नीट बघावं तर नाहीशी होते. पांढरं काहीतरी उभं होतं आणि मी बघताच गेलं, हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. आकाशनिरीक्षक हाच दोष हत्यार म्हणून वापरतात: देवयानीतली दीर्घिका बघायची तर तिच्या किंचित बाजूला नजर लावायची, तिरक्या नजरेनं ती उमटते. दुसरं, काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा वाटतो, कारण डोळ्याला मोजायला शेजारी काही नसतं. तिसरं, रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यामागे आरसा असतो. रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचे डोळे दिव्यात लालभडक चमकतात, आणि गव्हाणी घुबड पांढरंफटक, आवाज न करता उडणारं, वर किंचाळणारं. हडळीला आणखी काय लागतं?

म्हणून अंधाराची तारीख ती भुताची तारीख. यात न बसणारी उदाहरणं आहेत, लपवत नाही. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या साळच्या गड्यांची जत्रा होळी पौर्णिमेची, आणि तिथले लोक डोंगरावर देवचाराच्या, म्हणजे गावच्या राखणदार भुताच्या, दिवट्या दिसतात असं सांगतात. गाणगापूरला बाधा झालेल्यांची गर्दी पौर्णिमेलाच. पौर्णिमेला लोक रात्रीचा प्रवास करू शकत, म्हणून जत्रा पौर्णिमेच्या, असं माझं मत. त्यावर वाद घालायला वेळ नाही.

आता वर्ष. ग्रहणं: वेध पाळावे असं एकही ग्रहण यंदा महाराष्ट्रातून दिसत नाही. 28 ऑगस्टचं चंद्रग्रहण आपला चंद्र मावळल्यावर, 6 फेब्रुवारी 2027 चं कंकणाकृती दुसऱ्या गोलार्धाच्या वाट्याला, आणि 21 फेब्रुवारीच्या पहाटेचं नुसतं छायाकल्प, म्हणजे पृथ्वीच्या विरळ सावलीतलं, पावणेपाचच्या सुमारास चंद्र जरा मळकट दिसेल. आत्ताच्या होळीला मुंबईत चंद्र उगवेतो ग्रहण संपत आलेलं, नागपूरकरांना वीस-पंचवीस मिनिटं मिळाली. ते मागच्या वर्षात गेलं. पुढचं चांगलं 2 ऑगस्ट 2027, दीप अमावस्या आणि सोमवती, दुपारी उशिरा खंडग्रास. ढग असतीलच, तरी प्रमाणित चष्मे आत्ताच घेऊन ठेवा. एक्स-रेची फिल्म चालत नाही.

17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. त्यात 31 मेला इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, ज्याला 'ब्लू मून' म्हणतात. तो निळा नसतो. 9 जूनला संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू दीड-पावणेदोन अंशांवर, मान्सून उशिरा आला तर बघा.

सर्वपित्री 10 ऑक्टोबर, शनिवार. शनिवारची अमावस्या म्हणून लोक घराबाहेर पडणार नाहीत, आणि 4 तारखेलाच प्रतियुती झालेला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आलेला, शनी रात्रभर आकाशात! 2025 मध्ये कड्यांची धार आपल्याकडे वळल्यानं त्या दिसेनाशा झाल्या होत्या, आता पुन्हा उघडताहेत. 50 पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. पाऊसही परतीला लागलेला असतो. जमलं तर पेंचला जा. 2024 मध्ये त्याला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे आकाशाचा अंधार राखणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली आहे. दिवाळीची अमावस्या 8 नोव्हेंबरच्या रात्री, पण फटाक्यांचा धूर, सोडून द्या.

उल्कांसाठी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री 13-14 आणि 14-15 डिसेंबर, जेमिनिड. चंपाषष्ठीच्या आगेमागे. कोवळा चंद्र रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि ज्यांच्या बाजूनं या उल्का येतात ते पुनर्वसूचे तारे अडीचच्या सुमारास डोक्यावर येतात. पुस्तकात ताशी 120-150 उल्का लिहिलेलं असतं, ते आदर्श आकाशाचं. गावाबाहेर 40-50 दिसल्या तरी फत्ते. दुर्बीण नको. उताणं झोपा, पुनर्वसूकडे न बघता त्याच्यापासून 40-50 अंश बाजूला बघा, तिथे उल्कांच्या रेघा लांब दिसतात. अंधाराला डोळा सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झोतात ती कमाई जाते, म्हणून विजेरीला लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी गुंडाळा. दव पडतं, चटईखाली प्लास्टिक घाला, कानटोपी विसरू नका. 24 तारखेला पहाटे वर्षातली सगळ्यात जवळच्या चंद्राची पौर्णिमा आहे, दत्तजयंतीच्या रात्रीच बघून घ्या.

हॉलवाले दिवे मालवायला लागले. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा, आणि ज्यांना पाइप कापून हवा आहे त्यांनी 10 मेच्या आत सांगा, कोल्हापूरकरांनी त्याच्याही आठवडाभर आधी.