गोदी कामगाराचा चौक

श्रोतेहो, नमस्कार. ॲमस्टरडॅमच्या योनास डानिएल मेयर चौकात ब्राँझचा एक कामगार उभा आहे. धिप्पाड अंग, वर सारलेल्या बाह्या, ताठ मान. हातात ना बंदूक, ना हातोडा. दोन्ही हात रिकामे. डच लोक त्याला ‘डोकवेर्कर’, म्हणजे गोदी कामगार म्हणतात. शिल्पकार मारी आंद्रीसेन यांनी तो घडवला आणि १९५२ मध्ये राणी युलियाना यांनी त्याचं अनावरण केलं.

हे स्मारक एका संपाचं आहे, कुठल्याही विजयाचं नाही, म्हणूनच ते मला फार मोलाचं वाटतं.

मे १९४० मध्ये नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेलं. पुढच्या वर्षी, २२ आणि २३ फेब्रुवारीला, नाझी पोलिसांनी आसपासच्या गल्ल्यांतून चारशेहून अधिक ज्यू पुरुषांना धरून याच चौकात आणलं, उकिडवं बसवलं, मारहाण केली. पुढे त्यांना छळछावण्यांत धाडलं. जवळजवळ कुणीच परतलं नाही.

२४ तारखेच्या संध्याकाळी नूर्डरमार्क्टच्या बाजारचौकात सभा भरली. बोलावली कुणी? रस्तेकामगार विलेम क्रान आणि सफाई कामगार पीट नाक यांनी! दोघेही पालिकेच्या नोकरीतले, बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राम बंद पडल्या. मग शहराला वेगळं सांगावं लागलंच नाही. गोदीतले, कारखान्यांतले, कचेऱ्यांतले लोक काम टाकून बाहेर पडले. शेजाऱ्यांना उचलून नेलं म्हणून शहर संपावर गेलं! लोण झानडाम, हार्लेम, उट्रेख्टपर्यंत पोचलं.

जर्मनांनी गोळ्या झाडल्या, धरपकड केली, शहराला जबर दंड ठोठावला. दोन दिवसांत संप मोडला. क्रान यांना १९४२ मध्ये गोळ्या घालून मारलं.

संपामुळे ज्यूंची रवानगी थांबली नाही, हेही सांगायलाच हवं. या चौकाजवळच २०२१ मध्ये बळी गेलेल्यांच्या नावांचं स्मारक झालं आहे. त्यात १ लाख २ हजारांहून अधिक विटा आहेत. एकेका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचं वय. काही वयं वर्षांत मोजण्याइतकीही नाहीत.

आपल्याकडचे प्रवासी डॅम चौकातला २२ मीटर उंच राष्ट्रीय स्तंभ हमखास पाहतात. तो पाहाच, पण इथेही या. वॉटरलोप्लाइन मेट्रो स्टेशनला उतरलात की चौक अगदी लगत आहे. दर २५ फेब्रुवारीला इथे स्मरणसभा असते. लोक रांगेनं येऊन फुलं वाहतात. त्या रांगेत कुणीही उभं राहू शकतं.