पेशी जातात कुठं?

(दृश्य : तालुक्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब. खिडकीशी रिपोर्टची वाट बघणारी माणसं.)

पावसाळा सरता सरता मराठवाड्यातल्या कुठल्याही लॅबच्या खिडकीशी उभं राहा, एकच प्रश्न ऐकू येईल. “पेशी किती आल्या?” पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणिका. डेंग्यूनं हा आकडा घराघरांत पोहोचवला. दीड लाखाच्या खाली गेल्या की घाबरायचं, वर आल्या की देवाला नारळ. एवढं गणित आता शाळकरी पोरालाही येतं.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेलं उत्तरच हाताबाहेर जाऊन अवयव बिघडू लागतात तेव्हा, मात्र हे गणित फसतं.

(दृश्य : उसाचा फड, मोळ्या, कोयते.)

उदाहरणादाखल असा रुग्ण घ्या. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून कारखान्यावर आलेला ऊसतोड कामगार. पन्नाशीचा, शुगर आहे, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. कोयता निसटून पायाला लागला. हळद भरून फडकं बांधलं आणि गडी पुन्हा फडात, कारण उचल फेडायची आहे. काही दिवसांनी पाय सुजला, हुडहुडी भरून ताप आला, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला. सकाळपासून लघवी नाही.

पेशी काल २ लाख ८० हजार होत्या, आज १ लाख ४० हजार. मुलगा म्हणतो, “दीड लाखाच्या जवळच हायेत की, सायेब.” डॉक्टरांची नजर दुसरीकडे आहे : एका दिवसात निम्म्या झाल्या. बाहेर तर थेंबभर रक्त सांडलेलं नाही. मग एवढ्या पेशी गेल्या कुठं?

(दृश्य : सूक्ष्म रक्तवाहिनीचं ॲनिमेशन.)

त्या आतच खर्च होतायत, गुठळ्या बनवण्यात.

जखमेतून जंतू शिरले की रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात. तिथून रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. थ्रोम्बिन तयार होतं, थ्रोम्बिनमुळे फायब्रिनचे धागे विणले जातात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तर स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात आणि जंतूंना त्यात अडकवतात. हे जाळं विज्ञानाला २००४ साली कळलं. जखमेपुरतं हे सगळं उत्तम. जंतू तिथंच कोंडले जातात.

सेप्सिसमध्ये हेच काम अंगभर सुरू होतं. गोठणं आवरणारे अँटीथ्रोम्बिन आणि प्रोटीन सी हे लगाम संपत येतात. झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही दाबली जाते. म्हणजे गुठळ्या होतात भराभर आणि विरघळत मात्र नाहीत. त्या अतिशय बारीक असतात, केसाहून बारीक वाहिन्यांत अडकतात. किडनीत अडकल्या की लघवी थांबते, बोटांत अडकल्या की बोटं निळी-काळी पडतात.

ठिबकवर कापूस घेणाऱ्याला हे लगेच समजेल. मोटार चालू, मीटरवर प्रेशर बरोबर, पण ड्रिपर चोकअप झालेत आणि ओळीच्या टोकाची झाडं सुकतायत. आयसीयूतही मॉनिटरवर बीपी औषधांनी ठीक दिसतं, आणि तरी अवयवापर्यंत रक्त पोहोचत नाही.

आणि इतक्या गुठळ्या बनवायला लागणारा माल, म्हणजे पेशी आणि गोठवणारी प्रथिनं, एकदा संपला की उलटं घडतं. सुईच्या जागेतून रक्त झिरपतं, हिरड्यांतून येतं, लघवी लाल होते. एकाच माणसाच्या अंगात गुठळ्याही आणि रक्तस्रावही. डॉक्टर याला डीआयसी म्हणतात.

(दृश्य : काचेची परीक्षानळी, भिंतीवरचं घड्याळ.)

आपल्याकडे याचा एक भाऊबंद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घोणस. तिचं विषही गोठवणारी प्रथिनं संपवून टाकतं. म्हणून सर्पदंशाच्या रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का बघतात. साधी, बिनखर्चाची आणि फार कामाची चाचणी. पण सेप्सिसमध्ये तिच्यावर विसंबू नये. फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिनचे धागे बनतात ते प्रथिन, अगदी तळाला गेल्याशिवाय ती नळी बिघाड दाखवत नाही, आणि सेप्सिसमध्ये ते बरेचदा नेहमीइतकं किंवा जास्तच असतं.

इथं पेशी आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) बघायचे, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सेप्सिसमधला गोठण्याचा बिघाड ओळखण्यासाठी २०१७ पासून वापरात आलेला एसआयसी स्कोअर याच दोन चाचण्यांवर आणि अवयवांच्या स्थितीवर चालतो. त्याला डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळीचे अवशेष मोजणारी चाचणी, लागत नाही. आमच्या मते तालुक्याच्या दवाखान्यासाठी हीच त्याची खरी किंमत.

(दृश्य : रक्तपेढी. हलत्या यंत्रावर ठेवलेल्या पिवळसर पिशव्या.)

आता नातेवाइकांची धावपळ. “पिशवी आणतो सायेब, पेशी चढवा.” प्लेटलेटच्या पिशव्या २० ते २४ अंश तापमानात, सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि साधारण पाच दिवसच टिकतात. त्या सगळ्याच रक्तपेढ्यांत नसतात, म्हणून माणसं गाडी काढून जिल्ह्याला पळतात. (येताना बर्फाच्या डब्यात मात्र ठेवू नयेत, थंडीनं त्या खराब होतात.) पण रक्तस्राव नसेल, तर पेशी १० हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा पिशवी लावत नाहीत. रक्तस्राव होत असेल किंवा ऑपरेशन करायचं असेल, तर ५० हजारांची मर्यादा धरतात. पायात पू तसाच ठेवून वरून पेशी ओतल्या, तर त्या नव्या पेशीही त्याच गुठळ्यांत जातील.

पपईच्या पानांचा रस तर नकोच. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला तोंडानं काही पाजलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

याहून चक्रावून टाकणारी गोष्ट पुढं आहे. पेशी उतरत असतानाही, फार खाली नसतील आणि रक्तस्राव नसेल तर, डॉक्टर हेपॅरिनचं छोट्या डोसचं इंजेक्शन देतात. “आधीच पेशी कमी, त्यात रक्त पातळ करायचं इंजेक्शन?” मुलाचा हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर असं, की अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाच्या पायातल्या मोठ्या शिरेतही गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो.

गुठळ्यांवरच थेट घाव घालणारी औषधं करून पाहिली गेली. अमेरिकेत २००१ साली ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी मंजूर झालं, मोठा गाजावाजा झाला. पुढच्या चाचणीत उपयोग दिसला नाही आणि २०११ मध्ये ते बाजारातून मागं घेतलं गेलं. थ्रोम्बोमोड्युलिन हे असंच दुसरं औषध जपानमध्ये वापरतात, पण २०१९ सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यानं मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत.

(दृश्य : १०८ ची रुग्णवाहिका, रात्रीचा राज्यमार्ग.)

उरतं ते जुनंच : कल्चरसाठी (जंतू कोणता ते ओळखायला) रक्त घेऊन लगेच अँटिबायोटिक, बीपी कोसळलं असेल तर तासाभराच्या आत. सलाईन. आणि जखम उघडून पू काढणं, सडलेला भाग कापणं. आग तिथं आहे.

रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला, जिथं कुठं पाठवाल, तिथं चिठ्ठीत फक्त “ताप, पेशी कमी” एवढंच लिहू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस कोणता आणि किती वाजता दिला, काल आणि आज पेशी किती होत्या, रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू होती का, आणि शेवटची लघवी कधी झाली, तेही लिहा.