डांबर संपते तिथून पुढे

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि रविवारची संध्याकाळ माझ्यावर उधळायला तयार झालेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत आजचा विषय 'ग्रॅव्हल सायकलवरून गोव्याची राने, खाजने आणि तळी' असा छापला आहे, आणि त्यातल्या पहिल्याच शब्दाशी माझे भांडण आहे. ग्रॅव्हलला कोशात खडी म्हणतात. पण आपल्याकडे खडी म्हणजे क्रशरवरून येणारा, धारदार कोपऱ्यांचा काळा दगड, आणि त्याच्या थरावर सायकल घालणारा माणूस दहा हात जाईल व अकराव्या हाताला गुडघे फोडून घेईल. आपण चालवतो ती मुरमावर, तांबड्या मातीवर आणि चिऱ्यावर. हा चिरा खाणीत असताना कोयत्याने तासता येतो आणि उघड्यावर आला की कडक होत जातो. मलबारात लोक त्याच्या विटा कापतात हे पाहून फ्रान्सिस ब्युकॅनन याने 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याला लॅटेराइट हे नाव दिले, कारण लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आमच्या आजोबांनी त्याच चिऱ्याचे घर बांधले होते, पण त्याला नाव ठेवण्याचे काही त्यांना सुचले नाही. असो. भूगोलाच्या निवृत्त मास्तराला व्यासपीठ दिल्याचे परिणाम भोगणे आले.

सायकलीचे वर्णन मी करत बसणार नाही, कारण समोरच्या दोन रांगांतील तरुण मंडळींची सायकल माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा महाग आहे आणि त्यांना ते सर्व पाठ आहे. वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि साधारण चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर, एवढे इतरांसाठी पुरे. माझा मुद्दा त्या चाळीस मिलिमीटरचा आहे. आपल्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची सायकल आठवा. मागे बांबूची पाटी, तिच्यावर निळे प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. तिचा टायर दीड इंची असतो, आणि दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. परदेशातून नवा शोध म्हणून जे आले, ते उंडे आणि पोळ्या हे पाव घेऊन आपल्या दारात रोज पहाटे भोंगा वाजवत होते. रस्त्याच्या शर्यतीसाठी टायर अरुंद आणि टणक होत गेला, कारण खाली डांबर गुळगुळीत होत गेले. पोदेराला त्या शर्यतीत उतरायचेच नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळतो. वळण्यापूर्वी मात्र एक हकिगत सांगायला हवी. आमच्या घरी ती कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे सांगतो.

मांडवीच्या एका फाट्याकाठी एक बांध आहे. गाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांशी माझे संबंध अजून चांगले आहेत. बांधाच्या एका अंगाला तिवरांची झाडी आणि खारे पाणी, दुसऱ्या अंगाला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. माथ्याची वाट दोन माणसे एकमेकांना बगल देऊन जातील एवढी, मधे गवताची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पायांनी व चाकांनी घट्ट झालेली माती. अर्ध्या वाटेवर मानस आहे. चिऱ्याच्या खांबांमध्ये वरून टांगलेली लाकडी झडप, भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. वीज नाही, मोटर नाही, फक्त फळ्यांच्या फटीतून पाण्याची एक बारीक चिळकांडी उडत राहते. याच मानसीवर एकदा माझा टायर चिऱ्याच्या कंगोऱ्याने फाटला. भोके बुजवण्यासाठी आत घातलेला पांढरा चीक फवाऱ्यासारखा उडाला, आणि मानस सांभाळणारा म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "चाकांत दूद घालतात कितें हो?" पुढे आमची ओळख वाढली. एका सकाळी वाकून चालताना त्याने मला बांधाच्या उतारावरची खेकड्यांची बिळे दाखवली, आणि प्रत्येक बिळात तो ओल्या चिखलाचा गोळा कोंबून टाचेने दाबत होता. "हें आज बंद केलें ना जाल्यार उदकाक बरें फावता," असे काहीसे तो म्हणाला. बीळ वाढले की त्यातून खारे पाणी आत शिरते, पाणी वाट रुंदावत नेते, आणि उधाणाच्या भरतीला बांध फुटतो, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. टाचेने मात्र त्या दिवशी कळले.

एके दिवशी त्या वाटेवर चुन्याच्या खुणा दिसल्या. वाट पक्की होणार अशी कुणकुण होती. मी अर्ज लिहिला. 'सदर बांधावरील वाट आहे त्या स्थितीत उत्तम असून ती तशीच ठेवावी, फक्त चिखलाची वार्षिक डागडुजी व्हावी,' असे शुद्ध मराठीत. कार्यालयाचे नाव सांगत नाही. खिडकीपलीकडच्या बाई सज्जन होत्या. त्यांनी संगणकावर तक्रारीचा प्रकार शोधायला सुरुवात केली. खड्डे होते, डांबरीकरण होते, पथदीप होते, अतिक्रमण होते. 'रस्ता चांगला आहे' असा प्रकार नव्हता. "सर, काहीतरी निवडावेच लागते, नाहीतर अर्ज पुढे जात नाही," असे म्हणून त्यांनी माझ्या सोयीसाठी त्यातल्या त्यात जवळचे खाते निवडले. ते डांबरीकरणाचे होते.

दोन महिन्यांनी पत्र आले की, आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे. मी आनंदाने ते फ्रिजवर लावले. फेब्रुवारीत बांधावर काँक्रीट पडले. उद्‌घाटनाच्या कार्यक्रमाला मला सन्मानाने बोलावणे आले, आणि मंचावर 'सरांच्या सततच्या पाठपुराव्यामुळे' असा उल्लेख होऊन मला शाल आणि श्रीफळ मिळाले. टाळ्या पडल्या. खरे सांगायला उठावे असे मनात आले, पण पहिल्याच रांगेत पोदेर बसला होता आणि तो सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. नंतर जवळ येऊन तो म्हणाला, "सर, आता पाव उडत नाहीत." त्याच्या पाटीपुढे माझे सौंदर्यशास्त्र गप्प बसले. मानसीचा म्हातारा मात्र आलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात भेटला तेव्हा काँक्रीटवर पाय आपटून त्याने एकच विचारले: आता बीळ कुठून पाहू?

हसू नका, शाल अजून घरी आहे. साखळी पुसायला ती फार उपयोगी पडते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि राने, खाजने, तळी ही तिन्ही अजून बाकी आहेत. तेव्हा आता भराभर.

माझे म्हणणे असे की, आपल्याकडची कच्ची वाट ही पुष्कळदा रस्ता नसतेच. ते पाण्याचे बांधकाम असते आणि त्याच्या माथ्यावरून माणसे जातात. गोव्यातील सुमारे 18,000 हेक्टर खाजने अशा बांधांच्या आधाराने उभी आहेत. मातीचा बांध दरवर्षी थोडा खचतो आणि त्याच्यावर दरवर्षी चिखल चढवायचा असतो. वर काँक्रीटचे कवच बसले की चिखल चढवता येत नाही, आतली माती खचून कवचाखाली पोकळी झाली तरी ती दिसत नाही, आणि वाट रुंद झाल्यामुळे सायकलीच्या मागून मोटारी येतात, ज्यांचे वजन पेलण्यासाठी तो बांध कधीच घातलेला नव्हता. रायबंदरचा पाटो, म्हणजे पाणथळीवरून पणजीला जाणारा जुना बांधीव रस्ता, पक्का नाही का, असे कुणीतरी विचारणारच. आहे, आणि 1633-34 पासून आहे. पण बांधणाऱ्यांनी त्या तीन किलोमीटरच्या लांबीत कमानी ठेवल्या, कारण खालून भरती-ओहोटी खेळली पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. पक्के करायचेच असेल तर पाण्याचा हिशेब करून करा, एवढीच माझी मागणी आहे, आणि पोदेरासाठी बांधावर दर हिवाळ्यात मुरूम दाबून बसवला तर पावही उडणार नाहीत.

तळ्यांचेही तसेच. करमळीचे तळे माणसांनी घातलेले आहे, आणि त्याच्या काठावरून अडई बदकांचे थवे पाहताना आपण शेतीच्याच साधनावर उभे असतो. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, गोव्यातून पहिलेच. त्याचे क्षेत्र अवघे 42 हेक्टर. पावसाळा सरला की गावकरी तिथे पाणी साठवतात आणि खालच्या भातशेतीला देतात. अशा ठिकाणी सायकल काठावरच्या रुळलेल्या वाटेवर ठेवावी, गाळात घालू नये, आणि पक्षी उठले तर आपण फार जवळ गेलो असे समजून मागे फिरावे.

रानांबद्दल बोलायला तासभर हवा होता. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये 1999 मध्ये घोषित झाली आणि प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरहून थोडी मोठी आहेत. तिथे वनखात्याला विचारूनच जावे आणि उजेड असताना परतावे, कारण संध्याकाळच्या वळणावर गवा उभा असला की कुठलाही डिस्क ब्रेक अपुरा वाटतो. नेत्रावळीला गेलात तर गोपीनाथाच्या देवळापुढच्या बुडबुड्या तळीपाशी टाळ्या वाजवा. बुडबुडे वाढतात असे सगळे म्हणतात, आणि मला तरी प्रत्येक वेळी वाढल्यासारखे दिसतात.

टायरच्या हवेबद्दल सांगेन असे कबूल केले होते. माझे वजन सत्तर किलो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मी मुरमावर पस्तीस पौंडांच्या आसपास हवा ठेवतो. हवा कमी असली की दगड टायरमध्ये रुततो, जास्त असली की आपल्याला उचलतो. मात्र फार कमी केली तर माझ्यासारखे मानसीवर दूध सांडेल. जून ते सप्टेंबर बांधांवर जाऊच नका: माती मऊ असते, चाकाची चाकोरी पडते, त्यात पाणी साठते, आणि पहिल्या पावसांनी मीठ धुतले गेले की खाजनात पेरणी चालू असते. शेवाळलेल्या चिऱ्यावर पुढचा ब्रेक दाबू नका. का, ते दाबल्यावर कळते.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, म्हणून शेवटची एकच वाट. मे महिन्यात साळावलीच्या धरणाचे पाणी ओसरले की कुर्डी गाव वर येते, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. वालकिणी आणि वाड्याला जाऊन राहिलेली माणसे सोमेश्वराच्या दर्शनाला येतात, जोत्यांवरून हात फिरवून हे आमचे घर, ते तुमचे असे एकमेकांना दाखवतात, आणि त्या जोत्यांमधून गावाची जुनी वाट भेगाळलेल्या गाळातून वर आलेली असते. पाऊस लागला की ती पुन्हा पाण्याखाली जाते. तिच्या डांबरीकरणाची मागणी अजून कुणी केलेली नाही. आणि मी तर तिच्याविषयी अर्ज करण्याच्या फंदात मुळीच पडणार नाही.